काळीचा कस : ह्युमिक आम्लाच्या निष्कर्षणाचा इतिहास आणि दिल्लीची पुसा संस्था

मराठी मुलखात गावाच्या जमिनीची विभागणी दोन रंगांनी होत आली आहे. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. मोल्सवर्थच्या कोशाने या दोन्ही शब्दांची नोंद घेतली आहे. गावगाड्याच्या अभ्यासकांनी त्यांचा उपयोग बहुधा वसाहतीचे व हक्कांचे वर्णन करण्यासाठी केला. परंतु या जोडीत मृदाविज्ञानाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. पांढरी पांढरी का, हे पुरातत्त्वज्ञांना सांगता येते. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडझडीची माती आणि वस्तीचा केरकचरा साचून ती तशी झालेली असते. काळी मात्र काळी का, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राला सहजासहजी देता आले नाही. त्याचा शोध घेताना ज्या पदार्थावर पुनःपुन्हा बोट ठेवले गेले, तो मातीतून आणि कोळशातून अल्कलीच्या साहाय्याने काढला जाणारा ह्युमिक आम्ल नावाचा गडद पदार्थ होय. या पदार्थाला सव्वादोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि त्याचे अस्तित्वच अलीकडे वादात सापडले आहे.

‘कस’ हा मराठी शब्द येथे उपयोगी पडतो. जमिनीचा कस म्हणजे तिचे सत्त्व, आणि सोन्याचा कस लावणे म्हणजे त्याची परीक्षा. सत्त्व आणि परीक्षा या दोन्ही अर्थांचा भार एकच शब्द वाहतो. ह्युमिक आम्लाच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे ठेवणे युरोपीय रसायनशास्त्रालाही जमले नाही. परीक्षेत जे हाती आले तेच मातीचे सत्त्व होय, असे फार काळ मानले गेले.

लॅटिनमधील ‘ह्यूमस’ म्हणजे नुसती भूमी. संस्कृतातील ‘क्षम्’ व ‘क्ष्मा’ आणि ग्रीकमधील ‘ख्थोन’ ही त्याची सगोत्र रूपे आहेत, तर मनुष्यवाचक ‘होमो’ हाही त्याच कुळातला. अठराव्या शतकात या शब्दाचा अर्थ संकोचला. कुजलेल्या वनस्पतीपासून झालेला मातीचा काळा भाग एवढाच तो उरला. १७८६ मध्ये बर्लिनचा रसायनज्ञ आखार्ड याने पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर, क्षाराच्या द्रावणात भिजवला. द्रावण गडद तपकिरी झाले. त्यात आम्ल टाकताच काळा साका खाली बसला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ह्युमिक आम्ल काढण्याची कृती मूलतः हीच आहे. १८०४ मध्ये स्वित्झर्लंडच्या द सोस्यूर याने वनस्पतींच्या पोषणावरील ग्रंथात ह्यूमसचा विचार केला. पुढे श्प्रेंगेल, बर्झेलियस व मुल्डर यांनी या साक्याचे वर्गीकरण केले आणि प्रत्येक नव्या द्रावकाबरोबर एक नवे आम्ल जन्माला घातले. क्रेनिक, अपोक्रेनिक, उल्मिक अशी ही नावे आता केवळ इतिहासात राहिली आहेत. कृती बदलली की पदार्थही बदलतो, ही गोष्ट त्या काळीच जाणवायला हवी होती.

या इतिहासातले मोठे वळण १८४० चे. वनस्पती ह्यूमस खाऊन जगतात, हा थेअरने पुरस्कारलेला सिद्धान्त लीबिखने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोडून काढला. वनस्पतींना कार्बन हवेतून मिळतो आणि जमिनीतून खनिज द्रव्ये, असे त्याने सांगितले. पुढे खतांचा जो उद्योग उभा राहिला त्याचे तात्त्विक अधिष्ठान या प्रतिपादनात होते. मात्र एका मताचा पाडाव होताना एक अख्खा पदार्थच निरुपयोगी ठरवला गेला, हे नुकसान थोडेथोडके नव्हते. वनस्पतीचे अन्न नसूनही ह्यूमस जमिनीची घडण, ओल धरण्याची शक्ती आणि मूलद्रव्ये बांधून ठेवण्याची क्षमता यांना आधार देतो, हे पुन्हा सिद्ध करावे लागले.

हिंदुस्थानात हा वाद पोचला तो सरकारी कृषिखात्यामार्फत. १८८९ मध्ये आलेल्या जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांचा हिंदी शेतीसुधारणेवरील अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेण शेतात जाण्याऐवजी चुलीत का जाते, याची त्यांनी केलेली चर्चा आजही वाचनीय आहे. सरपणाची टंचाई आहे म्हणून गोवऱ्या थापल्या जातात, अज्ञानामुळे नव्हे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषिसंशोधन संस्थेची स्थापना झाली. हेन्री फिप्स या अमेरिकन दात्याच्या देणगीचा तिला आधार होता. फिप्स आणि यू. एस. ए. या दोहोंच्या संयोगातून ‘पुसा’ हे नाव झाले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती लोकव्युत्पत्तीच समजावी, कारण गावाचे नाव त्याआधीचे आहे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात संस्थेची मुख्य इमारत उद्ध्वस्त झाली आणि संस्था दिल्लीला हलवण्यात आली. १९३६ मध्ये नव्या आवारात तिचा कारभार सुरू झाला. बिहारमधल्या एका गावाचे नाव असे दिल्लीच्या नकाशावर आले आणि आज ते राजधानीतल्या एका भागाचे व रस्त्याचेही नाव आहे.

पुसाच्या आरंभीच्या काळात तेथे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेले अल्बर्ट हॉवर्ड यांचा उल्लेख सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात असतो. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचा मात्र क्वचितच आढळतो. हॉवर्ड १९२४ मध्ये पुसा सोडून इंदूरला गेले आणि होळकर संस्थानातल्या त्या संस्थेत काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने ते हलवून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी घडवली. १९३१ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेला शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरील ग्रंथ हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावे आहे. वाड हे तेथे रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘ह्यूमस’ हाच शब्द आहे. १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकानंतर हॉवर्ड जागतिक चळवळीचे प्रणेते ठरले आणि वाड ग्रंथसूचीत राहिले. वसाहतकालीन विज्ञानात साहाय्यक या पदाची जी गत झाली तिचे हे नमुनेदार उदाहरण आहे; मराठी विज्ञानलेखनानेही ती दुरुस्त करण्याची घाई केलेली नाही.

हॉवर्ड यांच्या लेखी ह्यूमस हा ढिगात, जमिनीत, बुरशीच्या तंतूंत घडत राहणारा व्यवहार होता. अल्कलीने काढून कुपीत भरायचा पदार्थ ही त्याची ओळख त्यांनी महत्त्वाची मानली नाही. योगायोग असा की, पुसा संस्था दिल्लीत आली त्याच १९३६ साली सेल्मन वाक्समन यांचा ‘ह्यूमस’ हा बृहद्‌ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी ‘ह्युमिक आम्ल’ ही संज्ञाच सोडून द्यावी, असे सुचवले. ही नावे निसर्गातल्या निश्चित संयुगांची नाहीत, विशिष्ट कृतीने मिळणाऱ्या मिश्रणांची आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. ती सूचना मानली गेली नाही. सोव्हिएत रशियातील त्यूरिन व कोनोनोव्हा आणि पुढे कॅनडातील श्निट्झर यांच्या हातून ह्युमिक पदार्थांचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय ह्युमिक पदार्थ संस्था स्थापन झाली. सर्वांनी एकाच कृतीने निष्कर्षण करावे म्हणजे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येतील, हा तिचा एक मुख्य हेतू होता.

ही कृती थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण वाद तिच्याभोवतीच आहे. माती सावलीत वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन तिच्यातला चुन्याचा अंश काढतात. दख्खनच्या आणि दिल्लीभोवतालच्या चुनखडीयुक्त जमिनींत ही पायरी टाळता येत नाही, अन्यथा कॅल्शियमने जखडलेला सेंद्रिय अंश सुटतच नाही. मग मातीच्या दहापट सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण घालून नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली काही तास हलवतात. हवा लागली तर अल्कलीत ऑक्सिडीकरण होऊन नवेच पदार्थ तयार होतात, म्हणून हे आवरण. वर निघालेले तपकिरी-काळे द्रावण वेगळे करून त्याचा सामू १ पर्यंत खाली आणला की जो साका बसतो तो ह्युमिक आम्ल. द्रावणातच राहतो तो फुल्विक अंश आणि जो मातीतून मुळात निघतच नाही त्याला ह्यूमिन म्हणतात. साक्यातली चिकणमाती काढण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्लाचा हात द्यावा लागतो, नंतर पातळ पडद्याच्या नळीत पाण्यात ठेवून क्लोराइडचा मागमूस जाईपर्यंत त्याचे अपोहन करतात आणि शेवटी तो गोठवून वाळवतात. हाती येते ती हलकी, काळसर भुकटी.

या तीन नावांमागे केवळ विद्राव्यतेची कसोटी आहे, हे विसरता येत नाही. अल्कलीत विरघळते व आम्लात बसते ते एक, दोन्हींत विरघळते ते दुसरे, कशातच विरघळत नाही ते तिसरे. संस्कृत काव्यशास्त्रात एखादी संज्ञा केवळ व्यावर्तक लक्षणावर उभी असावी आणि तिचे विधायक स्वरूप कुणी सांगू नये, तसाच हा प्रकार आहे. पुढची सारी विश्लेषणे या भुकटीवर होतात. तिच्यात कार्बन साधारण निम्म्याहून थोडा अधिक असतो. बेरियम हायड्रॉक्साइडने एकूण आम्लता आणि कॅल्शियम ॲसिटेटने कार्बॉक्सिल गट मोजतात. ४६५ आणि ६६५ नॅनोमीटर तरंगलांबींवरील प्रकाशशोषणाचे गुणोत्तर काढून पदार्थाच्या पक्वतेचा अंदाज बांधतात. अवरक्त वर्णपट आणि कार्बन-१३ चे चुंबकीय अनुस्पंदन हे त्यापुढचे टप्पे.

कोळशाची गोष्ट याहून सरळ आणि याहून फसवी. लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा अल्कलीत सहज विरघळतो. तमिळनाडूतील नेय्‌वेली, राजस्थानातील बिकानेर परिसर आणि गुजरातेतील कच्छ येथले साठे भारतात या दृष्टीने महत्त्वाचे. उत्तर डाकोटात आढळणाऱ्या हवा लागून ऑक्सिडीकृत झालेल्या लिग्नाइटला तेथील भूशास्त्रज्ञ लेनर्ड यांच्या नावावरून लिओनार्डाइट म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाण-नमुन्यांत इलिनॉयची माती व फ्लोरिडाचे पीट यांच्याबरोबर त्याचाही समावेश आहे. याउलट झरियासारख्या खाणींतला पक्व दगडी कोळसा अल्कलीला दाद देत नाही. नायट्रिक आम्लाने किंवा तप्त हवेने त्याचे ऑक्सिडीकरण केले की मग त्यातून ‘पुनर्जनित’ ह्युमिक आम्ले मिळतात. धनबादच्या केंद्रीय इंधन संशोधन संस्थेत या दिशेने खते बनवण्याचे प्रयत्न झाले. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोळशातून आम्लाने घडवलेला पदार्थ आणि गेल्या हंगामाच्या पाचोळ्यातून मातीत तयार झालेला पदार्थ यांना एकच नाव मिळावे, याचे समर्थन विद्राव्यतेपलीकडे कशातही सापडत नाही.

काळ्या मातीच्या रंगाचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. तेलुगूवरून इंग्रजीत गेलेल्या ‘रेगूर’ या नावाने ही माती जगाला परिचित झाली आणि रशियाच्या चेर्नोझेमशी तिची तुलना होऊ लागली. चेर्नोझेम ह्यूमसने काळी, तेव्हा रेगूरही तशीच असणार, असे अनुमान सोपे होते. प्रत्यक्षात दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कार्बन बहुधा एक टक्क्याच्या खालीच असतो. तांबड्या जमिनींपेक्षा तो फारसा अधिक नसतो. १९१० मध्ये ॲनेट यांनी कृषिखात्याच्या रसायनविषयक ग्रंथमालेत या रंगाचे श्रेय मुख्यतः टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या खनिजाला दिले. १९५० च्या दशकात सिंग यांनी ‘जर्नल ऑफ सॉइल सायन्स’मधील लेखांतून वेगळे उत्तर दिले. स्मेक्टाइट जातीच्या, पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीशी अल्पसा सेंद्रिय अंश असा काही घट्ट बांधला जातो की त्या संयोगालाच गडद रंग येतो. काळीचा काळेपणा अशा रीतीने प्रमाणात नसून बंधनात आहे. हा बंध अल्कलीने पुरता सुटत नाही, म्हणून काळ्या जमिनीतून ह्युमिक आम्ल काढताना बराचसा अंश ह्यूमिन म्हणून मागे राहतो. कस काढायला गेले तर कसोटीच अपुरी पडते.

दिल्लीची माती याहून अगदी वेगळी. पुसा संस्थेचे प्रक्षेत्र यमुनेच्या गाळाच्या वालुकामय पोयट्यावर वसलेले आहे. उष्ण हवा आणि दीर्घ कोरडा काळ यांमुळे येथे सेंद्रिय अंश टिकत नाही. देशातील दीर्घकालीन खतप्रयोगांच्या योजनेला १९७०-७१ च्या सुमारास आरंभ झाला आणि त्यातले एक केंद्र येथे आहे. त्याच भूखंडांत त्याच पिकांना दरवर्षी तीच खते द्यायची आणि जमिनीत काय घडते ते पाहायचे, एवढे साधे हे काम. हरितक्रांतीच्या ऐन भरात सुरू झालेल्या या प्रयोगांना घाई परवडत नव्हती. नुसत्या नत्रावर चाललेले भूखंड आणि रासायनिक खतांबरोबर शेणखत मिळणारे भूखंड यांच्या सेंद्रिय कार्बनमध्ये फरक पडला, तो शेणखताच्या बाजूने. लीबिख आणि हॉवर्ड यांच्या अनुयायांतला वाद व्यासपीठांवर जितका कडवा, तितका या भूखंडांत राहिला नाही.

शेतकऱ्यापर्यंत मात्र ह्युमिक आम्ल हा आकडा कधी पोचलाच नाही. त्याच्या हाती पडला तो ‘सेंद्रिय कर्ब’. हा आकडा वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीने काढतात. पोटॅशियम डायक्रोमेट आणि संहत गंधकाम्ल मातीवर ओतायचे, मिश्रणाच्याच उष्णतेने कार्बन जळू द्यायचा आणि उरलेले डायक्रोमेट मोजायचे. सारा कार्बन यात जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असे धरून १.३ ने गुणतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा निकषांत या कर्बाचा समावेश आहे. ‘सेंद्रिय’ म्हणजे व्युत्पत्तीने इंद्रिये असलेले. ‘ऑरगॅनिक’चा तो प्रतिशब्द. हिंदीने ‘जैविक’ किंवा ‘जैव’ पसंत केले आणि कार्बन तसाच ठेवला. मराठीने ‘कर्ब’ घडवला. आज वऱ्हाडातला शेतकरी ‘कर्ब कमी झाला’ असे सहज म्हणतो. घडवलेल्या पारिभाषिक शब्दांपैकी इतक्या खोलवर रुजलेले फार थोडे. ‘ह्युमिक’ला मात्र मराठी रूप मिळाले नाही. बाटलीवरच्या नावासारखा तो तसाच राहिला, आणि बहुतेकांना तो बाटलीवरूनच माहीत आहे.

या बाटल्यांचा प्रश्न क्षुल्लक नाही. लिग्नाइटपासून काढलेले पोटॅशियम ह्युमेट द्राक्ष, डाळिंब, ऊस यांच्या बागायतदारांना विकले जाते. त्यात खरोखर किती ह्युमिक आम्ल आहे हे ठरवणे अवघड असते, कारण कागदगिरण्यांतून निघणारे लिग्नोसल्फोनेटही तसेच गडद असते आणि ढोबळ पद्धतीत ते मोजणीत शिरते. २०१८ मध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय मानक पद्धत निश्चित झाली आणि भारताच्या खत नियंत्रण आदेशात २०२१ मध्ये जैव-उत्तेजकांचा समावेश होऊन ह्युमिक व फुल्विक आम्लांना त्यात वर्ग मिळाला. नियमाने ज्या पदार्थाला असे स्थान दिले, त्याच्या नैसर्गिक अस्तित्वाविषयी याच काळात शास्त्रज्ञ विभागले गेले होते. २००१ मध्ये नेपल्सच्या पिक्कोलो यांनी ह्युमिक पदार्थ महारेणू नसून लहान रेणूंचे सैल समूह आहेत असे प्रतिपादले. २००६ मध्ये केलेहर व सिम्पसन यांना अनुस्पंदनाच्या वर्णपटांत प्रथिने, लिग्निन, शर्करा यांसारखे ओळखीचेच घटक दिसले. २०१५ मध्ये लेमन आणि क्लेबर यांनी ‘नेचर’मध्ये ह्युमीभवनाचा सिद्धान्तच नाकारला. जमिनीचा सामू बहुधा आठ-साडेआठच्या वर जात नाही, निष्कर्षक द्रावणाचा तेराच्या आसपास असतो. अशा द्रावणात जे तयार होते ते जमिनीत होते असे कसे म्हणावे, हा त्यांचा प्रश्न. प्रतिपक्षाचे उत्तर २०१९ च्या चर्चेत आले. निष्कर्षण अपुरे असले तरी त्याने मिळालेल्या अंशांतून जमिनीचे वागणे कळते आणि दोन शतकांची साधनसामग्री टाकून देणे म्हणजे शहाणपण नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु अल्कलीने काढलेल्या पदार्थाचे सूत्र लिहून त्यालाच मातीचे चित्र समजण्याची पाठ्यपुस्तकी सवय आता समर्थनीय राहिलेली नाही. वाक्समन यांचा आक्षेप १९३६ मध्ये ऐकला गेला असता तर कदाचित बरेच श्रम वाचले असते.

या वादाला दिल्लीत एक अनपेक्षित जोड मिळाली. वातावरणातील सूक्ष्म कणांत पाण्यात विरघळणारे, तपकिरी, ह्युमिक आम्लासारखे वागणारे पदार्थ असतात आणि त्यांना ‘ह्युमिकसदृश’ असेच म्हटले जाते. दिल्लीच्या हिवाळ्यातील धुरक्यात ते आढळतात, आणि पाचट, लाकूड, गोवऱ्या अशा जैविक इंधनांचा धूर हा त्यांचा एक ठळक स्रोत आहे. गाळणकागदावर साचलेल्या काजळीचे निष्कर्षण करण्याची कृती मातीवरच्या कृतीची नातलग आहे. भाताचा पेंढा शेतातच कुजावा म्हणून पुसा संस्थेने बुरशींच्या कुप्यांचे ‘पुसा डिकंपोजर’ तयार केले आणि २०२० च्या शरदात दिल्लीच्या शेतांत त्याची फवारणी झाली. भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीपर्यंत मिळणारे दोन-तीन आठवडे कुजण्यास पुरतात का, हा त्यातला कळीचा प्रश्न. इंदूरच्या ढिगाला तीन महिने लागत. त्याच पेंढ्याला एका वाटेने मातीत जायचे असते आणि दुसऱ्या वाटेने फुप्फुसांत, आणि दोन्हीकडे प्रयोगशाळा त्याला जवळजवळ एकाच नावाने ओळखते.